पेन्सिलीची खूण

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या तीन दिवसांच्या कथालेखन शिबिराच्या समारोपात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक गट)

मैत्रिणींनो,

काल रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठले, तर पडवीतला दिवा चालूच होता. चौघीजणी पांघरुणं गुंडाळून वह्यांवर वाकलेल्या. एकीच्या मांडीवर तिचं मूल झोपलं होतं आणि तिने वही त्याच्या पाठीवर टेकवली होती. मी काही बोलले नाही, गुपचूप परत जाऊन पडले. पण वाटलं, शिबिराचा समारोप तिथेच झाला. आता मी जे बोलेन ते नुसतं शेपूट!

तरी मला उभी केलीच आहे, तर समारोपाची ठरलेली गोड वाक्यं बाजूला ठेवते आणि दोन अनुभव सांगते. मी स्वतः गोष्ट लिहायला कशी शिकले, हा एक. दुसरीला शिकवताना माझ्या हातून काय झालं, हा दुसरा. पहिला सांगायला मला आवडतो. दुसरा सांगायला बरीच वर्षं लागली.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने एक वाक्य म्हटलं, "मला काही लिहिता-बिहिता येत नाही, मी आपली सहज आलेय." मोर्च्यात पोलिसांशी हुज्जत घालणाऱ्या, तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटणाऱ्या तुम्ही बाया, आणि वहीपुढे एवढ्या बिचाऱ्या का होता? कारण आपल्या मनात पक्कं बसलंय की लिहिणं उपजत असतं. सरस्वती जिभेवर नाचते म्हणतात, तसं काहीतरी. ज्याला येतं त्याला येतं, बाकीच्यांनी वाचावं.

आता मला सांगा, भाकरी थापायला तुम्ही कशा शिकलात? पहिल्या दिवशी परातीतच फाटली असेल. आईने किंवा सासूने पिठात पाणी किती, हात कसा, तवा किती तापलेला, ते दाखवलं. शेजारी बसून कुणीतरी दाखवतं, आपण चुकतो, पुन्हा करतो. सुतारकाम, गाणं, नर्सिंग, सगळं असंच शिकतात. मग गोष्ट लिहिणं तेवढं आभाळातून कसं पडेल?

आणि पुरुषांना तरी ते आभाळातून कुठे मिळालं? त्यांना कट्टे होते, चहाची हॉटेलं होती, मासिकांच्या कचेऱ्या होत्या. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. तोपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक एकेका कथेवर लेखकाशी किती बारकाईने बोलत, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कथा परत यायची, पुन्हा लिहिली जायची. स्त्रियाही तिथे लिहीत होत्या, नाही असं नाही. पण संध्याकाळी सहा वाजता दिवा लावून कुकर चढवायचा असतो, त्या बाईला कट्टा कुठला? शिकण्याची ही सगळी सोय दिसेनाशी करून जे उरतं, त्याला आपण 'प्रतिभा' म्हणतो. प्रतिभा नसतेच असं मी म्हणत नाही. पण ती आहे की नाही, हे कळण्यासाठीसुद्धा कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

आपल्याच इतिहासात बघा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. काय भाषा आहे! जहाल, मिश्कील, अस्सल बोलीची. लोक तुटून पडले. जोतीराव फुले 'सत्सार'मधून १८८५ मध्ये तिच्या बाजूने उभे राहिले, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. त्याच काळातल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१चा. लग्नानंतर घरच्यांची टिंगल सोसत लिहा-वाचायला शिकल्या. पुढे हरि नारायण आपट्यांशी त्यांची वाङ्मयीन मैत्री झाली, पत्रं झाली, पुस्तकांवर बोलणं झालं. काशीबाई कथा, कादंबरी, चरित्र असं बरंच लिहून गेल्या. या मैत्रीत हरिभाऊच तेवढे देणारे होते, असं मला वाटत नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी यमूच्या तोंडून, 'मी' म्हणून सांगितली. बाईच्या आत शिरून लिहिणाऱ्या त्या माणसाला बायकांचं बोलणं कान देऊन ऐकावंच लागलं असणार. शिकणं असं दोन्ही बाजूंनी चालतं.

आणि अगदी आपल्या काळातल्या बेबीताई कांबळे. फलटणला दुकान सांभाळताना त्या लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवायच्या. एक-दोन नाही, तब्बल वीस वर्षं! फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाची माहिती झाली, त्यांनी ते बाहेर काढायचा आग्रह धरला. १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. बर्नसनबाईंनी बेबीताईंना लिहायला शिकवलं नाही. ते त्यांना येतच होतं. "हे वाचायला हवं," एवढंच त्यांनी सांगितलं. एवढं सांगणारी मिळायला वीस वर्षं लागली.

आता माझ्याबद्दल.

मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होते. १९८४ मध्ये पहिली गोष्ट लिहिली, ती माझ्या विधवा आत्यावर. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांच्या थोड्या कथा छापून आल्या होत्या. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. मी धीर करून वही घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "ठेवून जाऊ नकोस, वाचून दाखव." त्यांच्या हातात दाढीच्या ब्लेडने टोक काढलेली आखूड पेन्सिल होती. मी वाचत होते, आणि त्या माझ्या खांद्यावरून वाकून मधे मधे समासात एक बारीकसा गोल काढत होत्या. वाचून झाल्यावर मी विचारलं, "चुका आहेत का या?" त्या म्हणाल्या, "नाही गं. तिथे तिथे माझं लक्ष उडालं. का उडालं ते तू शोध."

घरी येऊन बघितलं. जिथे जिथे मी 'अभागी', 'पिचलेली', 'नियतीने क्रूर थट्टा केलेली' असं लिहिलं होतं, तिथे तिथे गोल! मला रडूच आलं. तीच तर वाक्यं मी जीव ओतून लिहिली होती.

पुढच्या खेपेला बाईंनी एकच प्रश्न विचारला. "तुझी आत्या दिवसभर काय करायची?" मी म्हटलं, राबायची. "ते झालंच. पण हातात काय असायचं तिच्या?" मी आठवायला लागले. किल्ल्या? छे, किल्ल्या आजीच्या कमरेला. पोळपाट? तो आईकडे. मग एकदम दिसलं. अडकित्ता! दुपारभर आत्या ओसरीच्या कोपऱ्यात बसून घरातल्या पुरुषांसाठी सुपारी कातरायची. अगदी पातळ, कागदासारखी. आणि तिने स्वतः विडा खायचा नाही, कारण ती विधवा. पंचवीस वर्षं तिने सुपारी कातरली आणि एक खांड तोंडात टाकलं नाही. मी हे रोज बघितलं होतं आणि गोष्टीत एक अक्षर लिहिलं नव्हतं!

ती गोष्ट मी सात वेळा लिहिली. सातव्या खेपेला त्यात 'अभागी' हा शब्द नव्हता. आत्या होती, अडकित्ता होता, आणि एका दुपारी घरात कुणी नसताना ती सुपारीचं एक खांड तोंडात टाकते, एवढंच घडत होतं. त्यापुढे मी एक पानभर विवेचन लिहिलं होतं, समाजाने विधवांवर कसा अन्याय केला वगैरे. बाई म्हणाल्या, "हे पान आज वाचू नकोस. त्याच्या आधी गोष्ट संपते का बघू." संपत होती. ते पान मी पुन्हा कधी जोडलं नाही.

चार वर्षं मी बाईंकडे जात होते. त्या चार वर्षांत त्यांनी माझ्या वहीत स्वतःचा एक शब्दही लिहिला नाही. गोल काढायचे आणि प्रश्न विचारायचे. हे ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

बाईंकडे मी जे शिकले, त्यातलं थोडं या तीन दिवसांत आपण करून बघितलं. गोष्ट कोण बघतंय, हे आधी ठरवायचं. परवा आपल्यातल्या एकीने दारुड्या नवऱ्याची गोष्ट वाचली. त्यात एका परिच्छेदात बायकोच्या मनातलं, दुसऱ्यात नवऱ्याच्या मनातलं, तिसऱ्यात सासूच्या. ऐकताना सगळ्या भांबावल्या. मग तिने तीच रात्र पलंगाखाली लपलेल्या धाकट्या मुलीच्या नजरेने लिहिली. तिला फक्त पाय दिसतात. कोणाचे पाय कुठे गेले, कोणाचे थांबले, एवढंच. खोलीत कसा सन्नाटा झाला होता, आठवतंय ना? उर्मिला पवारांची 'कवच' ही कथा मिळवून वाचा. आई बाजारात आंबे विकते, भोवतीचे पुरुष द्व्यर्थी बोलतात, आणि हे सगळं तिच्या शाळकरी मुलाच्या लाजेतून आपल्यापर्यंत येतं. आईच्या तोंडून तीच हकिगत आली असती, तर वेगळी गोष्ट झाली असती. तिला त्या बाजाराची सवय आहे. लाज मुलाला वाटते, आणि आईच्या जिभेची ताकदही त्यालाच नव्याने दिसते.

दुसरी गोष्ट आपण कार्यकर्त्यांनी विशेष जपायची. आपल्याकडे समुपदेशन केंद्रावर रोज बाया येतात, त्यांच्या हकिगती ऐकून आपल्याला झोप लागत नाही आणि मग वाटतं, हिच्यावर लिहावं. नाव बदललं, गाव बदललं की झालं, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. तीन मुली, वखारीत काम करणारा नवरा, हातावर भाजल्याची खूण, एवढं लिहिलंत की अख्खा तालुका ओळखतो. तिने आपल्याला विश्वासाने सांगितलं ते तिचं आहे. आपण त्याचं सोनं केलं तरी ते आपलं होत नाही.

मग लिहायचंच नाही का? लिहायचं, पण मुरू द्यायचं. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' छापलं ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींची मनं त्यात उघडी पडली होती, आणि केवढं वादळ उठलं! ही विभावरी कोण, याचा शोध घेत लोक हिंडले. त्याच मालतीबाईंनी पुढे त्या दशकाच्या अखेरीस सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं. सरकारने 'गुन्हेगार' असा शिक्का मारलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवत. त्या अनुभवावरची 'बळी' ही कादंबरी आली १९५० मध्ये. मधे दहा-एक वर्षं गेली. त्या काळात कामाच्या नोंदीची कादंबरी झाली. अहवालात आपण काय झालं ते लिहितो. गोष्टीत ते त्या माणसाला कसं लागलं ते लिहायचं असतं, आणि त्यासाठी आपल्याला आधी स्वतःच्या आत डोकवावं लागतं. आपली एखादी भीती, आपली एखादी हाव त्या बाईला उसनी द्यावी लागते. तेवढं दिलंत की ती पात्र होते, केस राहत नाही.

हे झालं शिकण्याचं. आता दुसरा अनुभव.

नव्वदीच्या सुरुवातीपासून मी अशी शिबिरं घ्यायला लागले. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यात एका शिबिराला ऊसतोडीला जाणारी एक बाई आली होती. सातवीपर्यंत शिकलेली, वय तिशीच्या आतलं. तिचं नाव मी सांगणार नाही, तिला ते आवडणार नाही. तिने पाठकोऱ्या कागदांवर एक गोष्ट लिहून आणली होती.

गोष्ट साधी होती. तुमच्यातल्या ज्या त्या भागातल्या आहेत त्यांना माहीत आहे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात, आणि फेडतात दोघं. गोष्टीतल्या नवऱ्याने बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतलेली. बायकोला सातवा महिना. दसरा झाला, ट्रक दारात आला. सगळं सामान चढतं. भांडी, कोयते, ज्वारीचं पोतं. बाई ट्रकमध्ये चढते, आणि काही आठवून पुन्हा खाली उतरते. नवरा ओरडतो. ती घरात जाते, खुंटीवरची दोरी काढते आणि कमरेला गुंडाळून परत चढते. झोळीची दोरी. बाळ तिकडेच होणार, हे तिला माहीत आहे. गोष्ट संपली.

मी वाचली आणि मला ती 'कच्ची' वाटली. हो, माझ्या वहीत मी तोच शब्द लिहिला होता, 'कच्ची पण आशादायक'! तिची भाषा मला खडबडीत वाटली, मी ती 'स्वच्छ' केली. 'व्हती'चं 'होती' केलं, 'मला न्हाई ठावं'चं 'मला ठाऊक नाही' केलं. आणि शेवट? बाई मुकाट्याने ट्रकमध्ये चढते, म्हणजे शरणागतीच की! आपल्या चळवळीच्या वाचकांना काय देणार आपण? मी शेवट बदलला. माझ्या शेवटात ती बाई खाली उतरते ती उतरतेच. नवऱ्याला आणि मुकादमाला सुनावते, "मी येणार नाही." वाडीतल्या बाया तिच्याभोवती गोळा होतात. दोरीचा परिच्छेद मी काढून टाकला, लांबण वाटली म्हणून.

एका दिवाळी अंकात मी ती छापवून आणली, तिच्या नावाने. खूप पत्रं आली. मला धन्य वाटलं. एका ऊसतोड कामगार बाईला मी लेखिका केलं होतं!

उन्हाळ्यात ती परत आल्यावर मी अंक घेऊन तिच्या वाडीवर गेले. तिने उंबऱ्यात बसून बोट फिरवत सगळी गोष्ट वाचली. खूप वेळ लागला. मग अंक मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, गोष्ट चांगली झालीया. पर ही माझी न्हाई."

मी समजावायला लागले. भाषा सगळ्यांना कळावी म्हणून, शेवट लढाऊ व्हावा म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी त्या बाईला घरी बसिवलं. वाचताना लई बरं वाटलं. पर मग उचल कुनी फेडली?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बायकांच्या श्रमावर, कर्जावर भाषणं करत होते, लेख लिहीत होते, आणि गोष्टीचा शेवट लिहिताना उचल विसरले होते! उचल विसरायला मला परवडत होतं. तिला परवडत नव्हतं. तिच्या शेवटात शरणागती नव्हतीच. जायचं तर आहे, सुटका नाही, पण मूल जगवायची तयारी माझी मी करणार, असं ती बाई दोरी कमरेला बांधून म्हणत होती. माझ्या लढाऊ भाषणापेक्षा त्या दोरीत लढा जास्त होता. आणि मी तीच लांबण म्हणून कापली.

निघताना ती एवढंच म्हणाली, "दोरी तरी ठिवायची हुती, ताई."

त्यानंतर चार वर्षं तिने काही लिहिलं नाही. शिबिराचं बोलावणं गेलं की "कामं हायेत" असा निरोप यायचा. मी मनात म्हणायचे, संसारात अडकली बिचारी. खरं काय ते मला कळत होतं. सासूने तिची वही चुलीत घातली नव्हती, नवऱ्याने मारून लिहिणं थांबवलं नव्हतं. ते मी थांबवलं होतं. मायेने, कौतुकाने, चळवळीच्या नावाने. माझी भाषा शाळा-कॉलेजात शिकलेली, पुस्तकातली. ती 'शुद्ध' आणि हिची 'खडबडीत' हे मी कुठून शिकले होते? जातीचा, शहराचा, शिक्षणाचा सगळा तोरा त्या लाल पेनात उतरला होता, आणि मला वाटत होतं मी मदत करतेय.

चार वर्षांनी एकदा कपाट आवरताना बाईंच्या काळातली माझी जुनी वही सापडली. समासात ते पेन्सिलीचे गोल. अजून पुसट दिसत होते. चार वर्षं त्यांनी माझ्या वहीत एक शब्द लिहिला नव्हता, आणि पहिल्याच संधीला मी दुसरीच्या गोष्टीचा शेवट लिहून मोकळी झाले होते!

तिचे मूळचे पाठकोरे कागद सुदैवाने माझ्याकडे होते. ते घेऊन मी पुन्हा तिच्याकडे गेले, माफी मागितली. तिच्या परवानगीने ती गोष्ट एका छोट्या नियतकालिकात जशी होती तशी छापली, दोरीसकट. सोबत माझी चूक कबूल करणारी चार ओळींची टीप दिली. त्यानंतर वर्षाभराने तिने दुसरी गोष्ट पाठवली आणि वर चिठ्ठी. "खुना करा. लिवू नका."

ती आज साठीकडे आली आहे. ऊसतोडीला जायचं केव्हाच थांबलं. वाडीवरच्या मुली तिच्याकडे गोष्टी आणतात, आता मोबाईलवर लिहिलेल्या असतात. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती वाचून दाखवायला लावते. माझ्या बाईंसारखंच! पण त्या चार वर्षांत तिने ज्या गोष्टी लिहिल्या असत्या, त्या गेल्या. त्या काही मी परत आणू शकत नाही. म्हणूनच तुमच्यापुढे हे सगळं बोलतेय.

कारण इथून घरी गेल्यावर तुम्हीही कुणाला तरी शिकवणार आहात. शिकवायलाच हवं. पण आपल्याकडे गुरू म्हटलं की पाया पडणं आलं, उपकार आले. एकलव्याला काही न शिकवताच द्रोणाचार्यांनी त्याचा अंगठा मागितला. आपल्या कितीतरी आया-आज्यांनी जन्मभर कागदावर अंगठाच उठवला, त्यांच्या लेकी आता कुठे पेन धरतात. त्यांचा अंगठा मागणारे गुरू आपल्याला नकोत, आणि आपण तसे व्हायचं नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगते. मला त्या चुकून कळल्या, तुम्हाला फुकट मिळताहेत!

गोष्ट आधी लिहिणारीच्या आवाजात ऐका, कागद हातात घेऊ नका. तिचा श्वास कुठे थांबतो, ती कुठे घाई करते, त्यावरून निम्मं कळतं. ऐकल्यावर लगेच मत देऊ नका. काय लक्षात राहिलं ते सांगा. दहाजणींच्या लक्षात दोरी राहिली असेल, तर लिहिणारीला आपोआप कळतं की गोष्ट कुठे आहे.

सुचवू नका, विचारा. "शेवट असा कर" म्हणण्यापेक्षा "मग उचल कुणी फेडली?" असं विचारा. यापेक्षा चांगला प्रश्न मला आजवर कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात सापडलेला नाही. तुमच्या गोष्टीत बाई घर सोडून जाते? जरूर जाऊ दे. पण त्या रात्री ती झोपली कुठे, पिशवीत पैसे किती होते, मूल कोणाकडे होतं, हे लिहिणारीला माहीत हवं. कागदावर नाही आलं तरी चालेल.

भाषेला हात लावू नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी असेल ती. एखादा शब्द आपल्याला कळला नाही तर आपण शिकू. छापण्यापूर्वी एक वेलांटी बदलली तरी लिहिणारीला दाखवा. शेवटचा होकार तिचा.

शिकवणारीने आपलंही कच्चं लेखन गटात वाचावं. मी दर शिबिरात वाचते. परवा तुम्ही माझ्या गोष्टीची जी चिरफाड केलीत, ती मला झोंबली, पण बरोबर होती.

आणि शेवटची सगळ्यात महत्त्वाची मदत. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लिहिलं, बाईला कथा-कादंबरी लिहायची तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. आपल्यातल्या बहुतेकींना दोन्ही नाही. पण आठवड्यातले दोन तास आपण एकमेकींना नक्की देऊ शकतो. गुरुवारी संध्याकाळी तुझी मुलं मी बघते, तू लिही. शनिवारी माझी तू बघ. वह्या घरात ठेवायची भीती असेल, तर संघटनेच्या कपाटात एक कप्पा रिकामा करा आणि किल्ली लिहिणारीकडे द्या. बेबीताईंना वीस वर्षं लपवावं लागलं, तेवढं कुणाला लपवायला लागू नये.

काल रात्री मुलाच्या पाठीवर वही टेकवून लिहिणारी माझी मैत्रीण इथेच बसली आहे. तिने ते पान अजून कुणाला दाखवलेलं नाही. तिला वाटेल तेव्हा ती दाखवेल. जिला दाखवेल, तिने पेन खिशात ठेवावं आणि ऐकावं.

मी थांबते.